पट्टीश्वरम् फाटा

माझ्या रेल्वेत बोगदा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण नवरात्रात आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस उंबरा ओलांडायच्या आत तेच विचारतो. तंजावर जिल्ह्यात डोंगर नाही, म्हणून बोगदा नाही, आणि जे रेल्वे कंपनीच्या लाइनीवर नाही ते माझ्या लाइनीवर असणार नाही. मद्रासच्या ज्या दुकानातून मी किल्लीची आगगाडी घेतली, तिथल्या दुकानदाराने सोबत पत्र्याचा एक हिरवागार बोगदा फुकट देऊ केला होता. मी तो त्याच्याच टेबलावर ठेवून बाहेर पडलो.

मी सुंदरराव. एकतीस वर्षं रेल्वेच्या इंजिनीअर कचेरीत नकाशे काढले, आधी नागपट्टणात आणि मग तिरुचिरापल्लीत. १९२९ साली हेड ड्राफ्ट्समन म्हणून पेन्शन घेतली आणि कुंभकोणम्‌ला आमच्या वाडवडिलांच्या गल्लीत येऊन राहिलो. पहिले तीन महिने मी घरातलं प्रत्येक दार मोजलं, प्रत्येक फडताळ गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही ते तपासलं, आणि ज्याच्या त्याच्या चुका ज्याला त्याला सांगितल्या. शेवटी शिवकामीने, म्हणजे माझ्या बायकोने, हात टेकले.

"अहो, कांहीं तरी काम काढा," ती म्हणाली. "नाहीं तर मज माहेरीं धाडा."

त्यातून ही रेल्वे निघाली.

आमच्या मराठी घरांतून नवरात्रात दोन गोष्टी होतात. इथल्या तमिळ शेजाऱ्यांसारखा आम्ही कोलू मांडतो: सात लाकडी पायऱ्या, त्यांवर पांढरं कापड, आणि कापडावर मातीच्या बाहुल्या. देव वरच्या पायऱ्यांवर, राजेराण्या मधे, वाणी-उदमी खाली. शिवाय पूर्वजांनी देशावरून येताना सोबत आणलेली घटस्थापना आहेच. पण घट बसायचा थोरल्या घरी, दोन घरं पलीकडे, माझे बंधू अप्पाजीराव राहत तिथे. माझ्या घरी फक्त कोलू. पायऱ्यांपुढच्या मोकळ्या जमिनीवर बायका तळं, बाग, बाजार असलं काहीबाही मांडतात. ती जमीन मी मागून घेतली आणि तिच्यावर रूळ टाकले.

तिरुविडैमरुदूरहून लाइन निघते, कुंभकोणम्‌ला येते, तिथून दारासुरम्‌ला जाते. मैल अर्थातच खोटे, कारण दिवाणखाना सगळा सतरा फूट. पण बाकीचं खरं. सिग्नल कोणत्या बाजूला, सांधे किती, पाण्याची टाकी फलाटाच्या कुठल्या टोकाला, यात कोणी माझी चूक काढून दाखवावी. स्टेशनं मी भेंडाची कोरली. रूळ भांडीवाल्यांच्या गल्लीतल्या गुरुमूर्ति आसारीने पितळी पट्टी ओढून करून दिले, दोन रुळांत बरोबर सव्वा इंच. तो देवळांच्या समया करणारा माणूस. पहिल्या वर्षी त्याने रुळांच्या कडेला हौसेने वेलबुट्टी काढून आणली. ती मी समोर बसून कानशीने घासून टाकली आणि तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. दारासुरम्‌च्या पुढे लाइन पायऱ्यांच्या मागून वळून पुन्हा तिरुविडैमरुदूरला निघते. कोणी विचारलंच तर मी सांगतो, पायऱ्यांमागचा भाग म्हणजे रेल्वे नव्हे, ती नुसती परत यायची सोय आहे.

एवढा काटेकोरपणा कुणासाठी, असं शिवकामी विचारी. त्याचं खरं उत्तर जानकीराम हे होतं.

जानकीराम माझ्याबरोबर एकाच आठवड्यात कचेरीत लागला. आमच्यातलाच, तंजावरकडचा. मी नकाशे काढायचो आणि तो तपासायचा. त्याच्या कानावर कायम एक लाल पेन्सिल असे. माझा नकाशा त्याच्या टेबलावर गेला की तो चष्मा पुसायचा, पंधरा मिनिटं काहीच बोलायचा नाही, आणि मग त्या पेन्सिलीने कुठे तरी एक बारीक गोल काढायचा. एकतीस वर्षांत शेकडो नकाशे गेले आणि शेकडो गोल आले. फक्त एक नकाशा कोरा परत आला. तो पट्टीश्वरम् फाट्याचा.

पट्टीश्वरम् हे शिवकामीचं माहेर, कुंभकोणम्‌पासून चार मैल. १९०१ साली कंपनीच्या मनात आलं की कुंभकोणम्‌हून दक्षिणेला वळून, अरसलार नदी ओलांडून, पट्टीश्वरावरून एक फाटा काढावा. पाहणी झाली आणि नकाशा माझ्याकडे आला. लग्नाला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. मी असा नकाशा पुन्हा कधी काढला नाही. प्रत्येक वळण तीन-तीनदा मोजलं. घरी येऊन शिवकामीला सांगितलं, "दोन वर्षांत तुज आगगाडीनें माहेरीं नेतों. दारांत उतरवितों." ती त्या वेळी पोळपाटाशी होती. वर न पाहता हसली, पण पोळी करपली, एवढं मला आठवतं.

फाटा रद्द झाला. वरून दोन ओळींचं पत्र आलं, कारणसुद्धा नव्हतं.

आमच्या कचेरीत नकाशे कागदावर नव्हे, ट्रेसिंगच्या कापडावर काढायचे. मलमलीसारखं बारीक कापड, खळ देऊन काचेसारखं गुळगुळीत केलेलं. रद्द झालेले नकाशे आम्हाला घरी न्यायला मिळत, आणि ड्राफ्ट्समनांच्या बायका ते ऊन पाण्यात घालून खळ काढत. खाली इतकं मऊ कापड उरे की आमच्या सगळ्या मुलांची झबली त्याचीच झाली. शिवकामीच्या कोलूच्या बाहुल्याही वर्षभर त्याच तुकड्यांत गुंडाळलेल्या असतात. किती पूल आणि किती मालधक्के तिने असे धुऊन वाळत घातले असतील, याचा हिशेब नाही. पट्टीश्वरम्‌चा नकाशा मी घरी आणला तो तिच्यापुढे टाकला. "हाही धुऊन टाक," म्हणालो, आणि त्या विषयावर पुन्हा तोंड उघडलं नाही.

तिनेही उघडलं नाही. अकरा वर्षांनी तिची आई अत्यवस्थ असल्याची तार नागपट्टणाला आली. आम्ही तशीच गाडी पकडली. कंपनीने साठ मैल चार तासांत नेऊन सोडलं. पुढचे चार मैल बैलगाडीने. ऐप्पसीचा, म्हणजे इकडच्या आश्विन-कार्तिकातला पाऊस, अरसलार भरलेली, वाटेवरच्या साक्कोट्टैच्या चिखलात चाक रुतलं, आणि आम्ही पोचलो तेव्हा उजाडलं होतं आणि सगळं झालेलं होतं. शिवकामी त्या दिवशी मला एक शब्द बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. ती बोलली असती तर मीही काही तरी बोललो असतो.

तर यंदाची गोष्ट. आषाढात जानकीरामचं पत्र आलं की नवरात्रात सप्तमीला तो दुपारच्या पॅसेंजरने येतो आहे, "तुझी ती प्रसिद्ध लाइन तपासायला". मी वर्षभर पत्रांतून त्याच्यापुढे फुशारकी मारत होतो, ती अंगाशी आली. पण मनातून मला आनंदच झाला. मी चंग बांधला: लाल पेन्सिलीला एकदा तरी हात हलवत परत पाठवायचं. भाद्रपदभर मी जमिनीवर होतो. खडी चाळली, सिग्नल रंगवले, सांधे तेलाने पुसले. अमावास्येला शिवकामीने पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या तेव्हा खाली माझी लाइन दोरी धरल्यासारखी सरळ पसरली होती.

प्रतिपदेला सकाळी गुरुमूर्तिकडून सिग्नलची शेवटची तार आणायला गेलो. तासाभराने परत आलो तो कुंभकोणम् आणि दारासुरम् यांच्या मधोमध, ऐन मेन लाइनीवर, काळ्या मातीचं एक गोल शेत होतं. मातीत धान्य पेरलेलं. मधे पाण्याने भरलेला तांब्याचा कलश, त्यावर नारळ, बाजूला समई. माझे साडेतीन फूट रूळ उचलून भिंतीशी ओळीने रचून ठेवले होते. नीट रचले होते, हे कबूल करायला हवं.

"हें काय?" मी विचारलं.

"घट," शिवकामी म्हणाली.

"घट थोरल्या घरीं असतो."

"थोरलें घर अत्तां कुलूप लावून अहे. भावोजी मद्रासला लेकापाशीं गेले. यंदापासून घट अपल्याकडे. आडी महिन्यांत सांगितलें मीं तुम्हांस. तुम्ही हूं मणालांत."

मी हूं म्हणालो असणार. आडी म्हणजे आपला आषाढ, आणि त्या महिन्यात मी सांध्यांवर काम करत होतो.

"पण हिथेंच कां?"

"मग कोठें?" तिने आवाज न चढवता विचारलं. "घट भुंयेवरच बसतो. पायरीवर नको, पायरीखालीं नको. दाराशीं वारा, दिवा विझेल. सगळी भुंय तुमच्या कंपनीनें घेतली. देवीस काय अंगणांत बसवूं?"

मी बारा दिवस सतरा फुटांचा आराखडा केला, त्यात पायऱ्या होत्या, दारं होती, येणाऱ्या बायकांना बसायची जागा होती, जानकीरामला गुडघे टेकायला जागा होती. घट नव्हता. आणि बसलेला घट दसऱ्यापर्यंत हलवत नाहीत, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मला ते विचारावंसुद्धा लागलं नाही.

तो सगळा दिवस मी रागावलेला होतो आणि जेवताना ताकसुद्धा मागितलं नाही. शिवकामीने ते न मागता वाढलं, तेव्हा अधिकच राग आला.

दुसऱ्या दिवशी मोजायला बसलो. माझं इंजिन दोन फुटांपेक्षा कमी त्रिज्येच्या वळणावर रूळ सोडतं. मातीची कड आणि दाराकडची वाट यांच्यामध्ये तीन फूट दहा इंच जागा होती. म्हणजे कुंभकोणम् स्टेशन सोडल्यावर लाइन दक्षिणेला वळवायची, घटाला वळसा घालायचा आणि दारासुरम्‌च्या अलीकडे पुन्हा मूळ जागी आणायची. दोरीला खडू बांधून मी जमिनीवर वळण काढलं. पहिलं पुसलं, दुसरं पुसलं. मेन लाइनीला असं वळण नाही, हे जानकीरामला डोळे मिटूनही कळेल, हे मनात घोळत होतं. मला तो गोल दिसू लागला होता, लाल.

तिसरं वळण काढून मी उभा राहिलो आणि मग तसाच उभा राहिलो.

स्टेशनाच्या दक्षिणेला, खऱ्या गावात आहे तशीच, मी निळ्या काचेच्या आखूड, स्टेशनापुरत्या पट्टीची अरसलार ठेवली होती. आजवर ती बाजूने नुसती वाहायची. आता खडूची रेघ फलाट सोडून डावीकडून सुटत होती, अरसलार ओलांडत होती आणि पलीकडे हलकेच सरळ होत होती. हे वळण मी मोजून काढलंच नव्हतं. हात आपोआप गेला होता. तीस वर्षांपूर्वी तोच हात त्याच वळणावरून तीन-तीनदा गेला होता.

मी शिवकामीला काही सांगितलं नाही. गुरुमूर्तिकडून जास्तीचे रूळ वाकवून आणले, बाहेरचा रूळ तांदळाच्या दोन दाण्यांएवढा उचलला. त्याच्याकडे दोनच तयार तुळया निघाल्या, तेव्हा अरसलारवर दोन गाळ्यांचा पूल झाला. चौथ्या दिवशी गाडी घटाला वळसा घालून गेली, डुलली, पण पडली नाही. त्याच सकाळी मातीतून कोंब वर आले होते.

पाचव्या दिवशी शिवकामीने नवी बाहुली काढली. कोलूत दर वर्षी एक तरी नवी बाहुली मांडायची असते. यंदाची म्हणजे मातीची बैलगाडी होती, मागे एक बाई मांडीवर बोचकं घेऊन बसलेली. मला वाटलं ती पायरीवर जाईल. शिवकामी खाली वाकली आणि तिने ती गाडी वळणाच्या बाहेर, रुळांपासून चार बोटांवर ठेवली.

"हिथें कां?" मी विचारलं.

"असूं दे. वाट पाहील."

"कोणाची?"

"गाडीची."

"हिथें गाडी थांबत नाहीं," मी म्हणालो. ड्राफ्ट्समनच्या तोंडून जे सरळ निघायचं ते निघालं.

"ठाऊक अहे मज," ती म्हणाली, आणि सुंडलासाठी, म्हणजे प्रसादाच्या उसळीसाठी, भिजवलेले हरभरे पाहायला आत गेली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी दुपारी झोपलो असतो.

मी त्या मातीच्या बाईकडे पाहत बसलो. माझ्यापुढचा प्रश्न सरळ होता. वळण हे 'तात्पुरता वळसा' म्हणून खपवता आलं असतं. देवीच्या जमिनीसाठी कंपनीनेही लाइन वाकवली असती, आणि जानकीरामला ते पटलं असतं. पण तिथे स्टेशन बांधलं तर ते खोटं स्टेशन. जे नाही ते माझ्या लाइनीवर असणार नाही, हे मी त्याला वर्षभर लिहीत आलो होतो. तो हसला असता आणि तिरुचिरापल्लीला जाऊन सगळ्या पेन्शनरांना सांगितलं असतं. म्हातारपणी माझ्याकडे एवढीच तर अब्रू होती. आणि दुसऱ्या बाजूला साक्कोट्टैच्या चिखलात रुतलेलं ते चाक होतं.

षष्ठीला उरलेल्या भेंडाचं स्टेशन कोरलं. फलाट, एक खोली, एक पिंपळ. पाटी लिहिली: कंपनीच्या नियमाप्रमाणे वर इंग्रजी, खाली तमिळ. मग नियम मोडून त्याखाली बालबोध अक्षरांत 'पट्टीश्वरम्' लिहिलं. घटाची माती स्टेशनाच्या पाठीशी होती आणि धान्य आता चार बोटं वाढलं होतं. पट्टीश्वरम्‌ला स्टेशन झालं असतं तर त्याच्या पाठीशी अशीच भातशेती असती.

शिवकामी समईत तेल घालायला आली, तेव्हा तिने पाटी वाचली. तेल घालून झालं तरी ती जरा वेळ तिथेच बसली होती. मी मान खाली घालून खडी पसरत होतो, कारण मला वर पाहायचा धीर नव्हता.

सप्तमीला दुपारी जानकीराम आला. छत्री कोपऱ्यात ठेवली, पाय धुतले, कॉफी नको म्हणाला. "अगोदर काम," म्हणाला आणि तिरुविडैमरुदूरच्या टोकाला गुडघ्यांवर बसला. चष्मा पुसला.

पंधरा मिनिटं तो काही बोलला नाही. मग तिरुविडैमरुदूरच्या फाटकाजवळ जमिनीवर एक बारीक लाल गोल काढला.

"फाटकाचा दिवा आंतल्या बाजूस असतो. तूं बाहेर लाविलास."

त्याचं बरोबर होतं. मी मान डोलावली. तो पुढे सरकला. कुंभकोणम् स्टेशनावर पेन्सिल खाली आली नाही. मग तो वळणाशी पोचला आणि थांबला. पूल पाहिला, बैलगाडी पाहिली, पाटी वाचली, तिन्ही लिप्यांत वाचली.

"सुंदरा," तो म्हणाला, "हें काय?"

"पट्टीश्वरम् फाटा."

"तो कंपनीनें बांधिला नाहीं."

"नाहीं," मी म्हणालो. "मीं बांधिला."

मी हसण्याची वाट पाहत होतो. तो हसला नाही. डोकं एका बाजूला कलतं करून त्याने वळण डोळ्याने मापलं, एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून. मग पेन्सिल पुलाजवळ नेली.

"गाळे तीन होते," तो म्हणाला.

"दोन," मी म्हणालो.

"तीन. चाळीस-चाळीस फुटांचे. तो नकाशा मीं तपासिला अहे."

"मीं काढिला अहे. दोन."

"तुज आठवत नाहीं मणून दोन जाले काय?"

"तुज लाल पेन्सिल चालवायची अहे मणून तीन जाले काय?"

आम्ही दोन म्हातारे जमिनीवर गुडघे टेकून, कधीच न बांधलेल्या पुलाच्या गाळ्यांवरून भांडत होतो, आणि दोघांचेही आवाज चढले होते. खरं सांगायचं तर इतकं बरं मला निवृत्त झाल्यापासून वाटलं नव्हतं. तेवढ्यात शिवकामी माजघरातून आली. तिच्या हातात बाहुल्या ठेवायच्या पेटीतली एक घडी होती.

"वैनी, तुम्हीच सांगा यास," जानकीराम म्हणाला.

ती आमच्या मधे बसली आणि तिने घडी उलगडली. कापड मऊ नव्हतं. खळ तशीच होती, घड्यांवर तडकलेली, आणि उलगडताना कडकड वाजली. कोपऱ्यात माझी सही होती, पोरवयातली, नको तितकी वळणदार. तिच्या शेजारी जानकीरामची. लाल गोल कुठेच नव्हता. मध्यभागी अरसलार होती, आणि तिच्यावर तीन गाळ्यांचा पूल.

"तीन," जानकीराम हळूच म्हणाला. जिंकल्याचा आनंद त्याच्या आवाजात नव्हता. तो स्वतःच्या सहीकडे पाहत होता.

मला पुलाचं काही वाटलं नाही. मी म्हणालो, "हा तूं धुतला नाहींस?"

"बाकी सगळे धुतले."

"मीं तुज धुऊन टाक मणालों होतों."

"गाडीनें माहेरीं नेतों, दारांत उतरवितों, हेंही तुम्हीच मणाला होतांत," शिवकामी म्हणाली. "तिकीट मणून ठेविला."

तीस वर्षं. आईच्या वेळच्या त्या रात्रीनंतरसुद्धा तिने तो टाकला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवले नाहीत. जानकीरामने मात्र उगीचच चष्मा काढून पुन्हा पुसायला घेतला.

तिसरा गाळा लगेच व्हायलाच हवा होता. नकाशा समोर असताना दोन गाळे ठेवणं मला शक्य नव्हतं आणि जानकीरामला तर मुळीच नाही. तुळई नव्हती. मी माझी पितळी फूटपट्टी काढली, कचेरीतून निघताना मिळालेली, आणि ती तुळई म्हणून आडवी बसवली. जानकीरामने दोरी धरून खांब ओळीत आणले. मग त्याला फलाटही पटेना. गावातल्या बैलगाड्या पश्चिमेकडून येतात, मग दार पूर्वेला कसं, म्हणाला. नकाशात पाहिलं तर दार पश्चिमेलाच होतं. आम्ही स्टेशन फिरवून ठेवलं. आता दार बैलगाडीतल्या बाईच्या समोर आलं. शिवकामी कॉफी घेऊन आली तेव्हा आमच्या धोतरांना खडूच खडू लागला होता. तिने दोघांनाही हात धुवायला लावलं.

दिवेलागणीच्या आत एक फेरी करायचं ठरलं. मी इंजिन तिरुविडैमरुदूरला उभं केलं आणि किल्ली शिवकामीच्या हातात दिली. तिने ती आजवर कधी फिरवली नव्हती. मला वाटलं बिचकेल, पण तिने जात्याचा खुंटा धरावा तशी घट्ट धरून पुरती फिरवली. गाडी निघाली. कुंभकोणम् सोडून डावीकडे वळली, फूटपट्टीवरून खडखडत अरसलार ओलांडली आणि कोवळ्या धान्याच्या कडेने आली. मी बोट पुढे करून तिला फलाटाशी थांबवलं. डबा बरोबर त्या मातीच्या बाईसमोर होता.

"हिथें किती वेळ थांबते?" शिवकामीने विचारलं.

"फाट्यावरचें लहान स्टेशन," मी म्हणालो. सवय जात नाही. "एक मिनिट."

"तीस वर्षांनीं आली," ती म्हणाली, "आणि एकच मिनिट?"

जानकीरामने माझ्याकडे पाहिलं. मी बोट काढून घेतलं, किल्लीही काढली आणि कनवटीला लावली.

गाडी तिथेच राहिली. अष्टमीला हळदीकुंकवाला बायका आल्या, त्यांनी पायऱ्यांवरच्या बाहुल्या पाहिल्या, या खेपेला सावकाश पाहिल्या, गाणी म्हटली, सुंडल खाल्लं. नवमीलाही आल्या. मेन लाइनीवरची वाहतूक दसऱ्यापर्यंत बंद होती. सिग्नल आडवे, फाटकं उघडी. आगगाडी पळताना पाहायला आलेली प्रत्येक जण विचारायची, "गाडी चालत नाहीं काय, काका? बिघडली?"

"बिघडली नाहीं," मी सांगायचो. "माहेरीं गेली अहे."